‘फोटो होता ना समोर?’ – त्या सूचनेला उत्तर

तांबट
परवा नाण्यांच्या ऑनलाइन लिलावाच्या एका ग्रुपवर एका विक्रेत्याने सूचना टाकली: ‘बोली संपली की विषय संपला. फोटो समोर होता. नाणं परत घेणार नाही. हातात धरून बघायचं असेल त्यांनी प्रदर्शनात जावं.’ खाली अंगठ्यांची ही रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

फोटो म्हणजे काय होतं? पिवळ्या बल्बखाली काढलेल्या दोन बाजू. कड नाही, वजन नाही, व्यास नाही. ओतीव नकली नाणं पकडायची पहिली जागा कड. साच्याच्या दोन भागांची शिवण तिथेच राहते. कानशीने घालवली तर कानशीच्या रेघा राहतात. नेमका तोच भाग दाखवायचा नाही आणि वर ‘फोटो होता’ म्हणायचं? व्हिक्टोरिया रुपयाचं टांकसाळी वजन ११.६६ ग्रॅम. झिजून ११.४ भरला तर समजू शकतो, १०.२ भरला तर तो रुपया संशयितच. साधा डिजिटल काटा हे सांगतो. पाकीट फोडल्यावरच हे कळणार असेल, तर परतीचा हक्क हवाच.

दुदांडी
सूचना माझी आहे आणि ती काढणार नाही.

रुपयाचं वजन पाठ आहे म्हणून शिवराईला, मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, लावायला निघालात? शिवराई एका टांकसाळीत पडलेली नाही, एका काळातली नाही. महाराजांच्या वेळची ११ ते १३ ग्रॅमची, नंतरची दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघांची शिवराई, त्याहून हलकी, आणि दोन अस्सल दुदांडीसुद्धा सारख्या भरत नाहीत. वजन लिहिलं की लगेच मेसेज येतो, ‘इंटरनेटवर वेगळं दिलंय.’ हाताने ठोकलेलं नाणं. ‘छत्र’ पूर्ण आलं तर ‘पति’ चकतीबाहेर जातं. फोटोत अर्धं अक्षर दिसत असताना बोली लावतात आणि नाणं हातात पडल्यावर विचारतात, ‘अक्षर अर्धं का?’

शिवाय बोली जिंकून गायब होणारे, ‘पगार झाला की पाठवतो’वाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे परत आलेलं नाणं पाठवलेलंच आहे याची खात्री कोण देणार? खरं ठेवून घ्यायचं आणि नकली परत करायचं, हा धंदाही चालतो. ३०० रुपयांच्या लॉटमागे, लिलावातल्या एका नगामागे, मी कोर्टात उभा राहू?

कसोटी
दोघंही दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवताय. अस्सल की नकली, हा एक. अवस्था कशी, हा दुसरा. अवस्थेवर परत घेणार नसाल तर नका घेऊ, परतीची मुदतही नको. पण नकली निघालं तर मुदत कसली? सहा महिन्यांनी कळलं तरी पैसे परत.

रुपयाची घनता घरी तपासता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात सोडा. तळाला, काठाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काटा दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता. ११.६६ च्या रुपयाला काट्यावर १.१३ च्या आसपास आकडा यायला हवा. १.३० दाखवला तर आत चांदी नाही. मात्र १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच, त्यांना हा आकडा लावू नका. आणि तांबटसाहेब, १९३८ चा शेवटचा आकडा कोरून दुर्मिळ १९३९ केला असेल तर वजन, घनता, कड तिन्ही पास. तिथे तारखेचा जवळून काढलेला फोटोच मागायचा.

न्यू जर्सीकर
आणि परदेशात पाठवत नाहीत त्याचं काय? पोस्टेज देतो म्हटलं तरी उत्तर नाही!

कसोटी
शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. उत्तर न देणारा तुमच्यापेक्षा शहाणा आहे.

चिल्लर
मूळ दुखणं वेगळंच आहे. घासून लख्ख केलेली नाणी ‘टॉप कंडिशन’ म्हणून विकतात. चिंचेने घासलेली शिवराई लांबूनच ओळखू येते, गुलाबी, कच्च्या मांसासारखी. त्याच्याही पुढचे लोक त्यावर गंधक नाहीतर बुटाचं पॉलिश चढवतात. खरा रंग खोलगट भागात गडद, उंचवट्यावर फिका असतो. चढवलेला सगळीकडे एकसारखा.

दुदांडी
अहो, ही नाणी येतात कुठून? देवघरातून. दर सणाला चिंच आणि राख, वर्षभर हळदकुंकू, पंचामृत. पिढ्यानपिढ्या घासलेल्या नाण्याला मूळ रंग मी कुठून आणू? पूजेतली शिवराई पूजेतलीच दिसणार!

चिल्लर
मग तसं लिहा ना! ‘पूजेतलं, घासलेलं.’ दोन शब्द. ते लिहीत नाही कारण भाव पडतो.

दुदांडी
आणि घेणाऱ्याला तीच चकचकीत हवी असते, काळ्या नाण्यावर बोली येत नाही, हे कोण लिहिणार? तुम्हीच बाजार बिघडवलात.

तांबट
विषय कडेचा होता, देवघरात कुठे शिरलात?

चिल्लर
कडेचाच सांगतो. दागिन्यातून सुटलेला रुपया बघा. कडी काढून डाख (जोडाचा धातू) घासलेला असतो, दातेरी कडेवर एक सपाट पट्टा राहतो. सांगतं कोण?

आणि आता नाणी ‘स्वच्छ’ करायला निघालेल्यांसाठी: डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, माती सुटली की बांबूची काडी. तेलकटपणाला शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात रंग आणि तेल असतं. हिरव्याचे दोन प्रकार. घट्ट, गुळगुळीत हिरवा तसाच राहू द्या. फिका, भुकटीसारखा, पुसला की पुन्हा उगवणारा म्हणजे क्लोराइड, नाणं खाणारा गंज. ते नाणं वेगळं काढा, सिलिका जेलसोबत कोरड्या डबीत. कोकणात पावसाळ्यात उघडं ठेवलं तर खड्डे पडलेच समजा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तर कुठलंच नाणं नको, चिकट हिरवा थर बसतो. ते पाकीट पाठवणारे विक्रेतेच आहेत हो.

कसोटी
आता जे कोणी बोलत नाही ते. मित्राच्या नंबरवरून बोली चढवणं. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ वाचा. विकणाऱ्याला स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवावा लागतो. भाव चढवायला खोटी बोली लावली तर घेणारा व्यवहार रद्द करू शकतो. राखीव किंमत हवी तर सरळ लिहा, तीही कायद्याला मान्य आहे. दुदांडी, तुमच्या लॉटवर नेहमी शेवटच्या मिनिटाला एकच नंबर उगवतो, हे सगळे बघतात.

दुदांडी
नंबर कुणाचा ते सिद्ध करा, नाहीतर शब्द मागे घ्या.

कसोटी
तुमचा आहे असं म्हटलंच नाही. राखीव किंमत लिहा म्हटलं.

दुदांडी
लिहितो! समाधान झालं? १००० च्या वरच्या लॉटला वजन, व्यास, कड, राखीव किंमत, आणि ‘घासलेलं’सुद्धा, चिल्लरसाहेबांच्या आत्म्याला शांती म्हणून. नकली ठरलं तर पैसे परत. १००० च्या आत जसं आहे तसं, एक शब्द ऐकून घेणार नाही. पण टेप कापण्यापासून नाणं काट्यावर ठेवेपर्यंत एकसलग व्हिडिओ हवा, आणि परत आलेलं नाणं माझ्या फोटोतल्या खाचांशी जुळलं पाहिजे. चोवीस तासांत पैसे नाहीत तर लॉट दुसऱ्या बोलीवाल्याला.

तांबट
दुसऱ्या बोलीवाल्याला त्याच्या स्वतःच्या बोलीच्या भावाने द्या, पहिल्याच्या नव्हे. बाकी मान्य. हे सूचनेतच लिहिलं असतं तर एवढं टाइप करावं लागलं नसतं.

दुदांडी
कडेचा फोटो काढायचा कसा तेवढं सांगा. नाणं उभं राहत नाही.

चिल्लर
दोन खोडरबरांच्या मध्ये धरा, पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात. पाव-पाव फिरवून चार फोटो. फ्लॅश बंद.