मदत हवी आहे: टांगाच्या लढाईतल्या अस्करींचे हुद्दे मराठीत कसे लिहू?

मंडळी, नोव्हेंबर १९१४ ची टांगाची (पूर्व आफ्रिकेतलं बंदर, आज टांझानियात) लढाई २८ मिलिमीटरच्या छोट्या पुतळ्या-सैनिकांनी टेबलावर मांडतोय. ब्रिटिशांकडून लढायला भारतातून गेलेल्या पलटणींची बाजू रंगवून झाली. अडलोय जर्मन पूर्व आफ्रिकेच्या ‘शुट्झट्रुप’पाशी, म्हणजे त्या वसाहतीच्या जर्मन सैन्यापाशी.

खेळाचे पत्रक मराठीत करतोय, कारण माझ्याबरोबर खेळणारी मुलं आठवी-नववीतली आहेत. अस्करींचे, म्हणजे या सैन्यातल्या आफ्रिकी शिपायांचे, हुद्दे जर्मन नाहीतच! ओम्बाशा, शाउश, बेटशाउश, सोल. १८८९ मध्ये विसमान या जर्मन अधिकाऱ्याने कैरोहून सुदानी शिपाई भरती केले, त्यांच्याबरोबर हे तुर्की शब्द आले. ओम्बाशा म्हणजे मुळात दहा जणांचा म्होरक्या. मग ‘नाईक, हवालदार’ लिहावं का? मला ते खटकतं, कारण समोरच्या भारतीय पलटणींतही तेच हुद्दे आहेत आणि मुलांचा गोंधळ उडेल. ‘फेल्डकोम्पानी’ला (शुट्झट्रुपची तुकडी) ‘मैदानी कंपनी’ म्हटलेलं चालेल का?

दुसरं, रंगाचं. अस्करींच्या खाकी टारबुशवरचा (उंच गोल टोपीवरचा) रुपेरी गरुड काल तीनदा पुसला, ब्रश ‘शून्य’ नंबरचा असूनही रंग ओघळतो. आधी काळा हात देऊन वर चांदी टेकवावी का? पायपट्ट्यांची निळी छटा कोणी नीट जमवली असेल तर रंगांचं मिश्रण कृपया सांगा. जुन्या बंदुकांचा काळ्या दारूचा धूर मात्र कापसाने छान जमलाय.