विषयाचा फिल्टर लावला की निम्म्या कादंबऱ्या गायब (इलॅस्टिकसर्च)

कपाट_नंबर_७:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी मी इलॅस्टिकसर्चमध्ये (शोधाचं सॉफ्टवेअर) टाकलीय, साडेअकरा हजार नोंदी आहेत. साधा शोध छान चालतो पण विषयाचा फिल्टर लावला की दोन भानगडी होतात. एक, 'कादंबऱ्या' निवडलं की जेमतेम निम्म्याच येतात, बाकीच्यांच्या नोंदीतही विषय हाच आहे, मी स्वतः बघितलंय. दुसरं, 'पाऊस' शोधून फिल्टर लावला तर पावसाचा काही संबंध नाही अशीही पुस्तकं खाली येतात, फिल्टर काढला की जातात. फिल्टरने यादी कमी व्हायला पाहिजे ना? बूल क्वेरी आहे (अनेक अटी जोडणारी), नाव आणि लेखक शुडमध्ये (जुळलं तर चांगलं अशी अट), विषय फिल्टरमध्ये टर्म (हुबेहूब तोच शब्द) लावून, विषयाचं फील्ड कीवर्ड (मजकूर न तोडता अख्खा ठेवणारं). परवा एक आजोबा स्क्रीनवर पुस्तक दिसलं नाही म्हणून तसेच परत गेले आणि पुस्तक कपाटातच होतं, तेव्हापासून चैन नाहीये.

लॉगवाचक:
दुसरं आधी सांगतो. बूलमध्ये नुसतं शुड असेल तर त्यातलं किमान एक जुळावंच लागतं, पण सोबत मस्ट (जुळलंच पाहिजे अशी अट) किंवा फिल्टर आलं की मिनिमम शुड मॅच (शुडमधलं किमान किती जुळावं तो आकडा) आपोआप ० होतं, म्हणजे शुड फक्त स्कोअर (जुळण्याचे गुण) वाढवण्यापुरतं उरतं. म्हणून विषय जुळला की पुस्तक आत, पाऊस असो नसो. त्या फालतू रिझल्ट्सचा स्कोअर बघा, ० असणार, कारण फिल्टर स्कोअर देतच नाही. मिनिमम शुड मॅच १ लिहून टाका नाहीतर ते सगळं शुड उचलून मस्टच्या आत ठेवा.

मायमराठी_कोड:
ताई/दादा, पहिल्याचं मूळ बहुतेक ऱ्या मध्ये आहे! हे दोन शब्द बघा: कादंबऱ्या आणि कादंबर्‍या. डोळ्याला सारखेच, पण पहिल्यात ९ युनिकोड अक्षरं आहेत, दुसऱ्यात १०, कारण तिथे साधा र, हलंत आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आहे. कीवर्ड फील्ड अक्षर न् अक्षर जुळवतं, त्याला हे दोन वेगळे विषय वाटतात. यादी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केली असेल तर हे होणारच. कोणत्या विषयाच्या किती नोंदी ते मोजायला विषयावर टर्म्स अ‍ॅग्रिगेशन चालवा, कादंबऱ्या दोनदा दिसतील.

कपाट_नंबर_७:
दोनदा दिसल्या! जुन्या नोंदी एका प्रकारच्या, गेल्या ३ वर्षांतल्या दुसऱ्या. आता सगळ्या नोंदी हाताने बदलायच्या का?

मायमराठी_कोड:
अजिबात नको. कीवर्डला नॉर्मलायझर (शब्द एकसारखा करून घेणारी पायरी) लावा, त्यात मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर (एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणारा), र् अधिक जॉइनर दिसला की ऱ् करायचा. र खाली सुटा नुक्ता (टिंब) असाही तिसरा प्रकार सापडतो, तोही त्यातच बसवा. नुसत्या एनएफसी नॉर्मलायझेशनवर (अक्षरं एकरूप करण्याची युनिकोडची पद्धत) राहू नका, त्याने नुक्ता जुळतो पण जॉइनरवाला तसाच राहतो. टर्म क्वेरीतला शब्दही त्याच नॉर्मलायझरमधून जातो त्यामुळे वाचकाने कसंही टाइप केलं तरी चालतं. फक्त आहे त्या फील्डला हे लावता येत नाही, नवा इंडेक्स (नोंदींची साठवण) करून रीइंडेक्स करा, म्हणजे नोंदी त्यात पुन्हा भरा, साडेअकरा हजार म्हणजे चहा होईपर्यंत होतंय. आणि हेच मॅपिंग पुस्तकाच्या नावाच्या अ‍ॅनालायझरमध्येही (नावाचे शब्द सुटे करणारा भाग) टाका, नाहीतर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द शोधताना पुन्हा तेच रडगाणं.

लॉगवाचक:
+१. बाजूला विषयांचे आकडे दाखवत असाल तर वाचकाने निवडलेला विषय पोस्ट फिल्टरमध्ये ठेवा, तो आकडे मोजून झाल्यावर लागतो, त्यामुळे बाकीच्या विषयांचे आकडे तसेच राहतात आणि माणसाला परत फिरता येतं. बाकी सगळं मात्र साध्या फिल्टरमध्येच ठेवा.

कपाट_नंबर_७:
झालं!! रीइंडेक्स केलं, कादंबऱ्या आता एकदाच आणि सगळ्या येतायत, पावसाचंही जुळलं. 'चरित्र' आणि 'चरित्रे' वेगळे येतायत पण ते आमच्या नोंदवहीतूनच तसं आलंय, ते बसून एक करते. आजोबांचा नंबर रजिस्टरमध्ये आहे, उद्या सकाळी फोन करून पुस्तक बाजूला काढून ठेवते. मनापासून आभार दोघांचे.