मदत हवी आहे: नकाशावरची पालखी रस्ता सोडून जाते

निळी_शाई
आळंदी ते पंढरपूर वारीच्या नकाशाचं अ‍ॅनिमेशन केलंय. माउलींची पालखी त्या रस्त्याने सरकायला हवी. प्रत्येक गावावर कीफ्रेम (कोणत्या वेळी पालखी कुठे, ती खूण) दिली आहे, तरी दोन गावांच्या मधे पालखी रस्ता सोडून बाहेर फुगते. जेजुरीला थांबवली तर थांबत नाही, तिथल्या तिथे गिरकी घेऊन येते. कुठे रेंगाळते, कुठे सुसाट. उद्या सकाळी मंडळाच्या कार्यक्रमात पडद्यावर लावायचंय. लवकर सांगा.

पेनटूल
कशात करताय ते आधी सांगा. आणि रस्ता वेगळा काढलाय की नकाशाच्या चित्रातच आहे?

मोकळा_कोड
ब्लेंडर घ्या, फुकट आहे. कर्व्ह काढा, पालखीला फॉलो पाथ कन्स्ट्रेंट लावा, फिक्स्ड पोझिशनवर टिक करा आणि ऑफसेट फॅक्टर ० ते १ न्या. गावोगावी कीफ्रेम देत बसावं लागत नाही.

निळी_शाई
आफ्टर इफेक्ट्स. एका रात्रीत नवीन सॉफ्टवेअर कुठून शिकू? रस्ता म्हणजे शेप लेयरवर पेनने काढलेली लाल रेघ. नकाशाचं चित्र जोडलंय.

पेनटूल
मग फुगवट्याचं कारण सरळ आहे. पोझिशनच्या कीफ्रेमना वळण ऑटो बेझिएचं, म्हणजे आपोआप गोलाई देणारं मिळतं. दोन कीफ्रेमची जागा एकच असली तरी मधला मार्ग वळसा घेतो, तीच तुमची गिरकी. कीफ्रेम निवडून स्पेशियल इंटरपोलेशन लिनिअर करा, म्हणजे मधला मार्ग सरळ होईल, थांबेल. पण खरा उपाय वेगळा. त्या सगळ्या कीफ्रेम काढून टाका, रेघेचा पाथ कॉपी करा आणि पालखीच्या पोझिशनवर पेस्ट करा. मधल्या कीफ्रेम रोव्हिंग होतात, म्हणजे त्यांची वेळ आपोआप ठरते आणि वेग सगळीकडे सारखा.

निळी_शाई
पेस्ट होतच नाहीये.

पेनटूल
लेयर कॉपी करू नका, आतली पाथ ही प्रॉपर्टी निवडून कॉपी करा. आणि पोझिशनचे एक्स, वाय वेगळे केलेत का? सेपरेट डायमेन्शन्स चालू असेल तर पाथ चिकटणार नाही.

निळी_शाई
हो, वेगळे केले होते. बंद केलं, पेस्ट झालं. पण पालखी रेघेच्या बाजूला चालते. आणि जेजुरीला आता थांबवू कशी?

चौकट२५
रोव्हिंगमध्ये थांबा देणं त्रासाचं, म्हणून तो सल्ला इथे मला पटत नाही. बाजूला चालतेय कारण शेपचा पाथ स्वतःच्या ग्रुपच्या शून्यापासून मोजला जातो. विंडो मेनूत क्रिएट नल्स फ्रॉम पाथ्स आहे, त्यातलं ट्रेस पाथ वापरा. एक नल (पडद्यावर न दिसणारा लेयर) मिळेल, त्याला प्रोग्रेस असतो, म्हणजे रस्ता किती टक्के झाला, ० ते १००. पालखीची पोझिशन त्या नलच्या पोझिशनला पिकव्हिपने (ओढून जोडायच्या दोरीने) जोडा. पालखीला नलची पेरेंटिंग करून पूर्ण बांधू नका, नाहीतर नलचं फिरणंही पालखीत येईल. जेजुरीला प्रोग्रेसच्या सारख्याच आकड्याच्या दोन कीफ्रेम द्या, झाला मुक्काम. रेघ पालखीमागे उमटत जायला हवी असेल तर रेघ कुठवर दिसावी ते ठरवणाऱ्या ट्रिम पाथ्सचा एंडही त्याच प्रोग्रेसला जोडा. दोन्ही कायम बरोबर राहतात.

पेनटूल
एवढ्याशा कामाला एक्स्प्रेशन, म्हणजे सूत्र जोडायचं? मास्कचा पाथ असता तर माझ्या पद्धतीने दोन मिनिटांत झालं असतं.

चौकट२५
थांबे नसते तर मीही तेच सांगितलं असतं. वारीच्या नकाशात मुक्काम दाखवायचे नाहीत तर काय दाखवायचं?

रिंगण
अ‍ॅनिमेशनमधलं मला कळत नाही, पण नकाशा चुकलाय. तुमची रेघ यवतवरून गेली आहे, तो तुकोबांच्या पालखीचा मार्ग. हडपसरनंतर दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, पुढे जेजुरी, वाल्हे, मग नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. वारकऱ्यांसमोर लावणार असाल तर आधी हे दुरुस्त करा.

चौकट२५
रेघ बदलली तरी काळजी नको, नल नव्या पाथवर आपोआप चालेल. थांब्यांचे आकडे मात्र पुन्हा जुळवावे लागतील, कारण रस्त्याची लांबी बदलेल.

फ्रेमदरफ्रेम
पालखीला ऑटो-ओरिएंट, म्हणजे वाटेच्या दिशेने आपोआप वळणं, चुकूनही लावू नका. रस्ता वळला की पालखी तिरकी होईल आणि डावीकडे वळल्यावर उलटी. बाणाला ते शोभतं, पालखी उभीच राहिली पाहिजे.

मोकळा_कोड
रेंडर कुठे करणार? प्रोजेक्टरसाठी एच.२६४ एमपी४ ठेवा.

निळी_शाई
मार्ग सासवडवरून नवा काढला. जेजुरी, लोणंद, फलटण जुळलं, पालखी थांबतेय. वाल्ह्याजवळ मात्र निघताना धक्का बसतो, तो कसा काढू?

चौकट२५
प्रोग्रेसच्या त्या दोन्ही कीफ्रेम निवडून एफ९ दाबा, म्हणजे ईझी ईज लागेल आणि पालखी हळूहळू थांबेल, हळूहळू निघेल.