टॉमी कूपरची फेझ आणि ग्रुपवरचे दोन तट

निखिल (ए ११०३): टॉमी कूपरची क्लिप टाकलीय वर. उंचपुरा माणूस, डोक्यावर लाल फेझ, म्हणजे गोंड्याची तुर्की टोपी, एक जादू धड होत नाही आणि प्रेक्षक लोळतायत. मी चार मिनिटं गंभीर चेहऱ्याने बघितली. गणपतीत जुन्या ब्रिटिश विनोदवीरांवर अर्धा तास ठेवायचा म्हणताय, पण यात हसायचं कुठे?

सुलभाताई (सी २०१): निखिलला अनुमोदन. पडणं, धडपडणं, वेंधळेपणा. सर्कशीत विदूषक हेच करतो.

फडके काका (बी ४०२): ताई, जरा थांबा. ज्याची जादू खरोखर फसते त्याला बघवत नाही, आपणच ओशाळतो. कूपरकडे बघताना तसं होत नाही, कारण त्याला जादू येते. लंडनच्या मॅजिक सर्कलचा, म्हणजे जादूगारांच्या संस्थेचा, सभासद होता तो. त्याचा ग्लास-बाटलीचा प्रयोग घ्या. टेबलावर एक ग्लास, एक बाटली, दोन पुठ्ठ्याची नळकांडी. नळकांडी घालायची, उचलायची, वस्तूंनी जागा बदललेली. प्रत्यक्षात सामान असतं दोन ग्लास आणि दोन बाटल्या. बाटल्या पत्र्याच्या, रंगवलेल्या, बुडाला उघड्या, म्हणजे नुसतं कवच. एक कवच आधीच नळकांड्यात लपलेलं. ते ग्लासवर घालून नळकांडं सैल हाताने उचललं की कवच खाली राहतं आणि ग्लासची बाटली होते. दुसरीकडे उभ्या बाटलीच्या पोटात ग्लास आहेच. तिथे नळकांडं दाबून उचललं की कवच बरोबर वर जातं आणि ग्लास उघडा पडतो.

निखिल: एक हात सैल, एक घट्ट. बस?

फडके काका: बस. आता बिघडतं कुठे ते बघ. हात उलटसुलट झाले तर दोन्हीकडे काहीच बदलत नाही. कवच काचेला घासलं तर किणकिण ऐकू येते. अर्धवट पकडलं तर मधेच सुटून ग्लासवर आपटतं. बाकीचे जादूगार हे टाळायला वर्षभर हात घासतात. कूपर यातली एक चूक निवडतो आणि हव्या त्या ठोक्यावर करतो, आणि वर स्वतःच चकित होतो. मग अधूनमधून एखादी जादू बिनचूक करून टाकतो. तिला टाळ्या जास्त, कारण तोवर आपण आशा सोडलेली असते. हे प्रमाण त्याने सांभाळलेलं आहे. सगळ्याच जादू फसल्या असत्या तर दहाव्या मिनिटाला लोक उठले असते.

मेहेंदळे सर (ए ६०५): काकांच्या म्हणण्याला कागदोपत्री पुरावा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१६ मध्ये कूपरचा संग्रह घेतला, ११६ पेट्या. त्यात विनोद विषयवार, वर्णानुक्रमे लावलेले. वेंधळा माणूस असं दप्तर ठेवत नाही. फेझही ठरवून घातलेली. युद्धात सैन्यात असताना इजिप्तमध्ये ती डोक्यावर आली, मग उतरली नाही.

एक विनंती. १५ एप्रिल १९८४ ची क्लिप कृपया कोणी टाकू नये. लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमधून थेट प्रक्षेपण चालू असताना कूपर कोसळला, त्यातच गेला, आणि हाही प्रयोगाचाच भाग समजून लोक हसत राहिले. ती करमणूक म्हणून फिरते, ते बरं नाही.

सेक्रेटरी: सभासदांनी नोंद घ्यावी. टाकी साफ करायची असल्याने उद्या सकाळी १० ते २ पाणी बंद. चर्चा चालू द्या.

सुलभाताई: कारागिरी मान्य. पण कारागिरी दिसली म्हणून हसू येईलच असं नाही. आणि मला एक सांगा, हे सगळे एकटे, पडद्यापुढे, नुसते बोलत का उभे असतात? नेपथ्य नाही, सहकलाकार नाही.

मेहेंदळे सर: पडद्यापुढे, हाच मुद्दा. व्हरायटी थिएटरात रात्री दोन खेळ. आठ-दहा आयटम: कसरतपटू, गायिका, सायकलवाले, कुत्र्यांचा खेळ. एकाचं सामान काढून दुसऱ्याचं लावेपर्यंत रंगमंचाच्या अगदी पुढच्या भागात एक रंगवलेला पडदा सोडायचे आणि त्याच्यापुढे विनोदवीर उभा करायचे. मागे खिळे ठोकतायत, ट्रॅपिझ टांगतायत, आणि याने पुढे आठ-दहा मिनिटं लोकांना धरून ठेवायचं. पुढे चार-पाच फुटांची पट्टी मिळायची, त्यामुळे हालचाल नाही, सामान नाही, सगळी मदार आवाजावर, कपड्यांवर आणि थांबण्यावर. मॅक्स मिलरचा फुलाफुलांचा भडक सूट आणि पांढरी हॅट ही शेवटच्या रांगेची सोय होती.

आणि वेळ म्हणजे वेळ. पहिला खेळ लांबला तर दुसऱ्याचे प्रेक्षक रस्त्यावर. १९५० च्या रॉयल व्हरायटीत, म्हणजे राजघराण्यासमोरच्या खेळात, मिलरला सहा मिनिटं दिली होती. तो बारा मिनिटं बोलला, आणि थिएटरवाल्यांनी त्याला बराच काळ बाहेर बसवलं.

निखिल: मिलर म्हणजे दोन वह्यावाला?

मेहेंदळे सर: तोच. ब्रायटनचा, १८९४ ते १९६३. एक पांढरी वही, एक निळी. पांढरीत सोवळे विनोद, निळीत चावट. कोणती उघडू, असं लोकांनाच विचारायचा. लोक काय सांगणार ते उघड आहे, म्हणजे चावटपणाची जबाबदारी पहिल्याच मिनिटाला प्रेक्षकांच्या गळ्यात. मग यमकाची कविता सुरू करायची, शेवटचा शब्द यायच्या आत थांबायचं. तो शब्द सभागृह मनातल्या मनात पूर्ण करतं आणि फुटतं. तेवढ्यात हा रागावतो, की तुमच्यासारख्यांमुळे माझं नाव खराब होतं. १९३८ साली होबर्न एम्पायरमध्ये प्रत्यक्ष प्रयोगात केलेलं ध्वनिमुद्रण मिळतं. त्यात हसू शब्दाच्या आधी येतं, ते कान देऊन ऐका.

सुलभाताई: म्हणजे दादा कोंडके. उच्चारलेल्या वाक्यात कात्री लावण्यासारखं काही नाही आणि चित्रपटगृह डोक्यावर.

मेहेंदळे सर: जात एकच. फरक इतका की दादा वाक्य पूर्ण करून निरागस चेहरा करतात, मिलर अर्धं सोडून आरोप करतो. नियमांचं ओझंही तसंच होतं. १९६८ पर्यंत नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. रेडिओसाठी बीबीसीची १९४८ ची हिरवी पुस्तिका होती. संडास, हनिमूनची जोडपी, हॉटेलातल्या मोलकरणी, बायकांचे आतले कपडे, ससे, भाडेकरू, फिरते विक्रेते, या सगळ्यांवर सूचक बोलायला बंदी. सशांचं कारण कळलं असेलच. ही यादी म्हणजे त्या काळच्या चावट विनोदांची अनुक्रमणिकाच.

रश्मी (बी ९०३): मला यात फक्त लेस डॉसन आवडतो, आणि तोही पियानोवर बसला की. निखिल, तुला हे जमेल म्हणून सांगते. तो डाव्या हाताने साथ जवळपास बरोबर देतो, लय कधीच सोडत नाही. उजव्या हाताने ओळखीचं गाणं वाजवतो आणि ऐन वजनाच्या स्वरावर बोट शेजारच्या पट्टीवर पडतं. दर सुराला चुकलास तर तो नुसता गोंगाट. ओळीत एक-दोनदाच चुकायचं, आणि कान ज्या स्वराची वाट बघतोय तिथेच. आपल्याकडे करायचं तर सगळ्यांना पाठ असलेली आरती घे, नवीन गाणं नको. मूळ चाल डोक्यात नसेल तर चूक कळतच नाही. चेहरा मात्र मैफलीचा ठेवायचा. चुकल्याचं कळलंय असं दाखवलंस की मजा गेली. कूपरच्या उलट आहे हे. तो चूक बघून दचकतो, डॉसनला ती ऐकूच येत नाही.

सुलभाताई: आणि तोच डॉसन सासूवरचे विनोद मारून मारून जगला, ते कोणी बोलत नाही.

फडके काका: सासूचे विनोद आपल्याकडेही ढिगाने आहेत की.

सुलभाताई: फडके, सासू वेगळी आहे. आपल्याकडे सासू म्हटलं की सुनेची. त्यांच्या विनोदातली सासू बायकोची आई, आणि तक्रार करणारा जावई. आपल्याकडे जावई म्हणजे दशमग्रह, त्याचे पाय धुवायचे. तिकडच्या कामगारवस्तीत महायुद्धानंतर घरांची इतकी टंचाई होती की नवं जोडपं बरेचदा बायकोच्या आईच्याच घरी एका खोलीत राहायचं. घर तिचं, चूल तिची, भाड्याचं पुस्तक तिच्या नावावर. त्या घरात जावई म्हणजे पाहुणा नव्हे, अडगळ. विनोद तिथून आला. घरं मिळाली, परिस्थिती गेली, आणि विनोद मात्र तसाच चालू राहिला. हा माझा आक्षेप. तो मराठीत जसाच्या तसा आणाल तर आधी पाच मिनिटं नातं समजावून सांगावं लागेल.

रश्मी: ताई, पटलं. तरी डॉसन नुसता सासूला नावं ठेवत नाही. आधी भरजरी, पुस्तकी इंग्रजीत चांदण्यांचं, धुक्याचं वर्णन लावतो, तीन-चार लांबलचक वाक्यं, आणि मग एकदम परसातल्या संडासाचं छप्पर. तो वरून खाली धपकन पडतो, त्याला आपण हसतो. सासू निमित्त. आणि सहकलाकार रॉय बॅराक्लफबरोबर दोघं बायका होतात, सिसी आणि एडा, तेव्हा नाजूक शब्द आला की आवाज बंद, नुसते ओठ. लँकेशायरच्या गिरण्यांत मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या, तिथली ती सवय. ती नक्कल हुबेहूब आहे, आणि त्यात त्या बायकांची टवाळी नाही.

सुलभाताई: ती जोडी मलाही आवडते. आक्षेप मागे घेत नाही.

निखिल: मग अजून पुढे जाऊ या? १९७१ पासून ग्रॅनाडा टीव्हीवर 'द कॉमेडियन्स' होतं. कामगार क्लबांतले विनोदवीर एकापाठोपाठ एक. बर्नार्ड मॅनिंग, मँचेस्टरचा, स्वतःचा एम्बसी क्लब चालवणारा. टायमिंग जबरदस्त, आणि विनोद कोणावर? भारत-पाकिस्तानातून आलेल्यांवर, काळ्यांवर, आयरिश लोकांवर. आपली माणसं तेव्हा तिथे बस चालवत होती, गिरण्यांत रात्रपाळी करत होती. तंत्र चांगलं म्हणून हेही दाखवायचं का काका?

फडके काका: नाही. ते दाखवायचं नाही.

मेहेंदळे सर: त्याच कार्यक्रमातला चार्ली विल्यम्स अवघड उदाहरण आहे. यॉर्कशायरचा काळा माणूस, आधी कोळसा खाणीत, मग डॉनकास्टर रोव्हर्सकडून फुटबॉल. अस्सल यॉर्कशायरी बोली. प्रेक्षक हसले नाहीत तर, तुमच्या शेजारी राहायला येईन, अशी धमकी द्यायचा.

निखिल: हे वाईटच की.

मेहेंदळे सर: त्या धमकीत गोऱ्या शेजाऱ्याची भीती त्याच्यासमोरच मांडलेली आहे, असंही वाचता येतं.

निखिल: वाचता येतं सर, पण क्लबातला माणूस ते तसं ऐकत होता का? तो खूश होऊन घरी जायचा, की बघा, यालाही चालतं.

रश्मी: निखिलशी सहमत. तरी विल्यम्सला मॅनिंगच्या रांगेत नाही बसवणार. एक स्वतःच्या वाटेत ठेवलेल्या धोंड्यावर बोलतोय, दुसरा धोंडा फेकतोय.

मेहेंदळे सर: या वादातच पुढची पिढी निघाली. मे १९७९ मध्ये लंडनच्या सोहोत कॉमेडी स्टोअर सुरू झालं. वर्ण आणि बायका यांवरचे विनोद नकोत, हा तिथल्या नव्या मंडळींचा आग्रह. नाही रंगलं तर घंटा वाजवून खाली उतरवायचे. निखिल बघतो ते स्टँडअप त्या घंटेनंतरचं.

निखिल: मग जुन्यांतला शेवटपर्यंत टिकला कोण?

फडके काका: केन डॉड. लिव्हरपूलच्या नॉटी अॅशचा. १९६५ साली लंडन पॅलेडियम थिएटरला सलग ४२ आठवडे. डिसेंबर २०१७ पर्यंत रंगमंचावर, मार्च २०१८ मध्ये गेला, नव्वदीत. प्रयोग चार-पाच तास चालायचा, लोकांची शेवटची बस चुकायची. वह्या त्याच्याही होत्या, पण मिलरसारख्या दाखवायच्या नव्हेत, खऱ्या. कुठल्या गावी कुठला विनोद किती चालला, याची नोंद. त्यावरून कुठे काय हसतात याचा देशाचा नकाशाच त्याने मनाशी तयार केला होता.

सुलभाताई: पाच तास म्हणजे शिक्षा.

फडके काका: ताई, एकेक विनोद सुटा बघितला तर पोरकट आहे, कबूल. तो मोजणीवर खेळतो. एक पडला तरी दुसरा आठ-दहा सेकंदांत येतो, पडलेल्याचा हिशोब करायला वेळच देत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो एम्पायर थिएटरमध्ये इंग्लंडचे भलेभले विनोदवीर गारद व्हायचे, विशेषतः शुक्रवारी रात्रीच्या दुसऱ्या खेळाला. फ्रॉइडने विनोदाचा सिद्धांत मांडला खरा, पण तो कधी तिथे उभा राहिला नव्हता, असं डॉड म्हणायचा.

निखिल: बरं, ठरवू या. मॅनिंग नाही, सासू नाही. डॉसनसारखी आरती रश्मीताई बसवणार. बाटल्यांचं सामान कोण आणणार?

फडके काका: बाटल्या नकोत, तालीम लांबते. मुलांसाठी एरिक मोरकम या विनोदवीराची कागदी पिशवी घे, खर्च शून्य. औषधाच्या दुकानातली खाकी पिशवी, वीतभर उंचीची. तोंड उघडून एका हातात धर. पिशवीचा काठ अंगठा आणि मधलं बोट यांच्यामध्ये, चुटकी वाजवायच्या बेतात. दुसऱ्या हाताने नसलेला चेंडू वर फेक, नजर त्याच्याबरोबर वर ने, क्षणभर तिथे थांबव, मग खाली आण. नजर पिशवीच्या तोंडाशी पोचली की चुटकी. कागद टण् वाजतो, पिशवीला हिसका बसतो, चेंडू पडला.

निखिल: आवाजच येत नाहीये.

फडके काका: पिशवी कसली आहे?

निखिल: कपड्यांच्या दुकानातली. जाड.

फडके काका: जाड कागद वाजत नाही, दबतो. पातळ, कडक कागद हवा, आणि कोरडा. पावसात दमट झालेली पिशवी फुसकी. काठ बोटांत घट्ट चिमटलास तर चुटकीच सुटणार नाही, जरा ढिला धर. आणि मुलं हमखास नजर आधीच पिशवीवर आणतात, तिथे खेळ संपतो. चेंडू जितका उंच फेकल्याचं दाखवशील तितका जास्त थांब. वर दीड सेकंद, खाली दीड सेकंद, असं तोंडाने मोजायला लाव आधी.

सुलभाताई: हे मात्र छान आहे. सी विंगमधली सहा मुलं धरा. पिशव्या मी आणते.

सेक्रेटरी: पिशव्या रिकाम्या असाव्यात. मागच्या वर्षीचे चुरमुरे अजून लिफ्टमध्ये सापडतात.