अंडी उबवायच्या मशीनचा कोड पैसे देऊन लिहून घ्यायचा आहे, कोणाले द्यावा?

दारव्हेकर_६६:
राजेहो, गावरान अंड्यांसाठी थर्माकोलच्या पेटीत घरीच मशीन बनवली आहे. आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), तापमान अन् ह्युमिडिटी मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, दोन रिले (बोर्डानं चालू-बंद होणारे स्विच), एकावर बल्ब अन् एकावर अंडी फिरवायची मोटर. वायरिंग जमते पण कोड मले झेपत नाई, यूट्यूबवरून उचललेला चालतो तसा, पण लाइन गेली की दिवस पुन्हा एकपासून मोजते अन् आमच्याकडे लाइन किती वेळा जाते ते काय सांगू. एक फ्रीलान्सवाला पोरगा आठ हजार म्हणते, दुसरा दोन हजारात देतो म्हणे पण सगळे आगाऊ. शौकाचं काम आहे, धंदा नाई. कसं ठरवावं?

सोल्डरभाऊ:
सगळे आगाऊ देऊच नका. पण आधी मशीननं कधी काय करायचं ते कागदावर लिहा भाऊ, नाईतर आठ हजारवालाही तोच यूट्यूबचा कोड सजवून देईन. तापमान ३७.५ च्या आसपास, १८ व्या दिवशी मोटर बंद, मग २१ व्या दिवसापर्यंत ह्युमिडिटी जास्त, अन् सेन्सरची वायर सुटली तर बल्ब बंद करून बझर वाजवायचा. हे शेवटचं कोणी सांगत नाई, सेन्सर मेला अन् बल्ब चालूच राहिला तर अंडी उकडूनच निघतात.

लाइनसाठी डीएस३२३१ घड्याळ लावा, त्यात बटन सेल असते, तारीख चालू राहते. अंडी ठेवल्याची तारीख ईप्रॉममधे, म्हणजे नॅनोच्या आतल्याच लाइन गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, एकदाच लिहायची. नॅनोच्या ईप्रॉमची हमी १ लाख वेळा लिहिण्याची, दर सेकंदाला वेळ सेव्ह करणारा कोड असला तर सव्वा दिवसाच्या आत तेवढं लिहून होते. त्या पोराले हेच विचारा, कामाचा आहे का नाई लगेच समजते. बाकी लाइन नसताना पेटी गरम ठेवायची तर इन्व्हर्टर लागतेच, कोड काई लाइन आणून देत नाई 😄

चांदा_ते_बांदा:
अन् मे महिन्याचं काय? आमच्या चंद्रपूरकडे बाहेर ४५, घरातही ४० च्या वर, मंग बल्ब बंद करून पेटी ३७.५ वर येते कुठून. फॅन लावून काई होत नाई, तीच गरम हवा आत ओढते. बाहेरगावच्या पोराले हे सुचणारच नाई, तुम्हीच सांगा की ३८.५ च्या वर गेलं की जोरात बझर पाह्यजे. अन् पेटी सगळ्यात थंड खोलीत ठेवा.

नापास_इंजिनिअर:
माणूस काहून लावता, जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या पोराले सांगा, कोड काई लय मोठा नाई. तरी द्यायचाच तर निम्मे पैसे वोक्वी सिम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच नकली सर्किट चालवणारी वेबसाइट) चालवून दाखवल्यावर, नॅनो अन् डीएचटी२२ दोन्ही आहेत तिथं, तुमची मशीन त्याच्याकडे पाठवायची गरज नाई. बाकीचे तुमच्या पेटीवर चालल्यावर. अन् नुसती हेक्स फाइल (बोर्डात टाकायची तयार फाइल, बदलता येत नाई) घेऊ नका, आयएनओ फाइल, म्हणजे मूळ कोड, अन् कोणत्या लायब्ररीचं (आयत्या जोडलेल्या कोडचं) कोणतं व्हर्जन वापरलं ते लिहून घ्या, नाईतर पुढच्या वर्षी एक आकडा बदलायलेही त्याच्याच पाया पडाव्या लागन.

दारव्हेकर_६६:
दोन हजारवाल्याले ईप्रॉमचं विचारलं, तो म्हणे ते वेगळं घ्यावं लागते काय. आठवाल्याले लिहिलेला कागद पाठवला तर त्यानंच उलटा विचारलं की मोटर किती तासानं अन् किती वेळ फिरवायची, हे तर आपण लिहिलंच नव्हतं. सहा हजार सांगून पाहतो त्याले.