मुळशीमागची झाडीने भरलेली घळ, दोघंच जण, रॅपल करत (कड्यावरून रोपने) उतरायची आहे

कोथरूडचा_भटक्या
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र डिसेंबरात एक घळ उतरायचा बेत करतोय, मुळशीच्या मागे घाटमाथ्यावरून कोकणात पडणारी. नाव मुद्दाम देत नाही, उद्या रीलवाले पोचतील. सॅटेलाइटवर बघितलं तर वरपासून खालपर्यंत नुसती हिरवी, वाट म्हणून काही दिसतच नाही आणि तीन ठिकाणी कंटूर (नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा) एकदम चिकटलेत, म्हणजे कडे असणार. प्लस व्हॅली, सांधण या घळी झाल्यात, रॅपलिंग दोघांनाही नीट येतं, पण तिथे रोप बांधायला कातळात बोल्ट मारलेले असतात, इथे कोणी गेल्याचंच ऐकिवात नाही. माझ्याकडे ६० मीटरचा एक रोप आहे. पुरेल का? अँकर, म्हणजे रोपचा वरचा आधार, कशावर घ्यायचा? आणि दोघंच गेलो तर चालेल ना? घरी अजून बोललेलो नाही ;)

दोरवाला
एका रोपवर नको. उतरल्यावर खालून ओढून घेता यावा म्हणून रोप डबल लावतात, ६० चा डबल केला की हातात ३० उरतात आणि आपले कडे ३० ला संपतील असा काही नियम नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत त्यामुळे घळीत टप्पे पडतात, वरून वाटतं संपला कडा, खाली जाऊन बघावं तर हातभर लेज (कातळाची पायरी) आणि पुढचा कडा सुरू. दोन ५० चे स्टॅटिक (कमी ताणणारे) रोप घ्या, जोडले की ५० चा टप्पा एका दमात होतो. रोप खाली ओढून घेतला की वर जायचं दार बंद, हे पहिल्या टप्प्याआधीच दोघांनी बोलून घ्या.

खरा त्रास रॅपलचा नाही, झाडीचा. रोप खाली फेकायचाच नाही, फेकला की करवंदीच्या जाळीत असा गुंततो की लटकत लटकत सोडवण्यात अर्धा तास जातो. पहिल्याने रोप बॅगेत भरून हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) अडकवायचा, उतरेल तसा सुटत जातो. टोकांना गाठी मारा आणि ओढायच्या आधी त्या सोडायला विसरू नका. पहिला खाली पोचला की दुसऱ्याने लगेच निघायचं नाही, खालच्याने हातभर ओढून बघायचं, जोडगाठ सरकतेय असं दिसलं तरच दुसरा निघणार. वर माणूस असताना अडकलेला रोप सुटतो, दोघंही खाली असले की मग बसा बोंबलत.

अँकरला जिवंत, मांडीएवढ्या बुंध्याचं, कड्यापासून आत असलेलं झाड. कारवीला बांधू नका, ती दाट दिसते पण काठी आहे ती. भेगेत उगवलेला उंबर हिरवागार असला तरी मुळं कशात आहेत ते आधी हलवून बघा. झाडाला टेप (चपटी मजबूत पट्टी) आणि रोप ओवायला रिंग लावून ती तिथेच सोडून यायची, रोप नुसता बुंध्याभोवती घातला तर ओढताना जीव जातो आणि झाडाची सालही निघते. दोन थरांमधे तांबडा मातकट पट्टा दिसला तर तिथे पिटॉन (भेगेत ठोकायचा लोखंडी खिळा) ठोकू नका, हाताने भुगा होतो त्याचा.

पौडची_लेक
दादा, रोपचं झालं, आता रानाचं ऐका. माझं आजोळ तिकडचंच. डिसेंबरात गवत छातीला लागतं आणि खाजकुयलीच्या शेंगा पिकलेल्या असतात, पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच (एकदा अंगाला लागली की गावात शेण चोळायला सांगतात, मग तुम्ही आणि तुमची गाडी). दगडावर हात टाकायच्या आधी काठीने वाजवा, फुरसं असतं. सगळ्यात महत्त्वाचं आग्या मोहोळ. समोरच्या सोंडेवरून दुर्बिणीने कडा नीट बघून घ्या, ओव्हरहँगखाली (पुढे आलेल्या कातळाखाली) काळे अर्धगोल लटकलेले दिसले तर ती लाइन सोडा, रोपवर असताना पळणार कुठे? डिओ मारून तर जाऊच नका.

घळीचं तोंड पश्चिमेला म्हणजे सकाळी ऊन येतच नाही, दवाने कातळ ओला असतो. आणि सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसतं त्याला झाडी तोडत दोन तास सहज जातात. तोडत म्हणजे घुसत हो, कोयता नेऊ नका, २०१३ पासून ताम्हिणी अभयारण्य आहे. तुमची घळ त्यात येते का ते आधी वनखात्याला विचारा, येत असेल तर परवानगी काढूनच जा.

टपरीवरचा
घरी बोललेलो नाही म्हणे. मग रेस्क्यूला फोन कोण करणार, रीलवाले?

कोथरूडचा_भटक्या
हाहा, सांगतो घरी. पण दोघांचं काय ते बोला ना. अजून दोन भिडू आहेत पण त्यांना रॅपलिंग येत नाही.

जुना_कातळ
दोघं कमीच. एकाचा घोटा मुरगळला तर दुसऱ्याने त्याला सोडून मदत आणायला जायचं की तिथेच बसायचं? घळीत रेंज नसते. चौघं असाल तर एक थांबतो, दोघं जातात. ते रॅपलिंग न येणारे दोघं वरून आणायचेच नाहीत, त्यांना कोकणातल्या गावात ठेवा. ठरलेल्या वेळेला तुम्ही दिसला नाहीत तर त्यांनी सह्याद्रीत बचावकार्य करणाऱ्या माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला फोन लावायचा. तो नंबर आधीच चौघांच्या फोनमधे आणि एका कागदावर.

आणि राव, वरून आंधळं उतरण्याआधी एक रविवार खालून जा. नाळेतून चढत शेवटच्या कड्याच्या पायथ्यापर्यंत. उंची किती, खाली डोह आहे का, असला तर पोहावं लागेल का, पुराने आणलेली झाडं कुठे अडकलीत, सगळं कळतं. ओंडके डोक्याच्या वर अडकलेले दिसतील तेव्हा पावसाळ्यात तिथे काय चालतं त्याचा अंदाज येईल, २०२४ च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात ५५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. अवकाळीचा नुसता अंदाज असला तरी बेत रद्द. गावात धनगरवाड्यावर विचारा, घळीतून निम्म्यातून बाहेर पडायला एखादी ढोरवाट असतेच, ती नकाशावर कधीच सापडत नाही. ती मिळाली तर दोघांचा विचार करता येईल, नाही मिळाली तर घळीत किमान तिघं रॅपल येणारे पाहिजेत.

कोथरूडचा_भटक्या
हे पटलं. या रविवारी खालूनच बघून येतो, दुसऱ्या रोपची सोय होतेय एका मित्राकडून. गाडीचं कसं करता तुम्ही लोक? चढायला वर आणि उतरलो की कोकणात.

पौडची_लेक
गाडी आदल्या रात्री खाली कोकणातच लावा आणि तिथून कोणाला तरी घेऊन घाटमाथ्यावर सोडायला सांगा. उलटं केलंत तर संध्याकाळी दमलेल्या पायांनी ताम्हिणीतून वर जाणाऱ्या एसटीची वाट बघत बसाल, आणि ओले रोप घेऊन कंडक्टर आत घेईलच असं नाही.