स्नोमोबिल (बर्फावर चालणारी, पुढे दोन स्की असलेली गाडी) वळतच नाही, स्की बदलू का?

प्रश्न: कडक ट्रेलवर हँडल वळवलं तरी गाडी सरळच घसरते आणि जुन्या खाचेत स्की गेली की हँडल हातातून ओढल्यासारखं होतं, रुंद स्की टाकू का?

उत्तर: थांब, आधी स्कीखालचा कार्बाइड, म्हणजे बर्फात रुतणारी कठीण धातूची धार, बघ. धार गोल झाली असेल तर नुसती स्की रुंद करून काय होणार? रुंद स्की भुसभुशीत बर्फात तरंगायला, कडक ट्रेलला खोल कील (स्कीच्या तळाचा उभा कणा) हवी.

दुसरं उत्तर: खाचेत ओढणं वेगळं दुखणं हां. डबल कार्बाइडने (प्रत्येक स्कीखाली दोन समांतर धारा) बरंच कमी होतं पण हँडल जड होतं, माझे पहिल्या दिवशी खांदे भरून आलेले. अलाइनमेंटपण बघ, स्की पुढून किंचित बाहेर उघडलेल्या हव्यात.

प्रश्नकर्ता: धार बघितली, नखावर घासली तरी ओरखडा नाही 😅

पहिला: मग रनर (कार्बाइड बसवलेली स्कीखालची पट्टी) बदल, लिमिटर स्ट्रॅप (मागच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उघडेल ते रोखणारा पट्टा) एक भोक आवळ, स्कीवर वजन येईल.